काचेच्या जुन्या स्लाइड्समधून गावाचा इतिहास: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

कल्याणला १८९२ च्या सुमारास महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचा, त्यांच्यामागे उजेड, समोर पांढरा पडदा, आणि सोबत गोष्ट सांगणारा माणूस. रामायण-महाभारतातले प्रसंग एकापेक्षा जास्त कंदिलांच्या मदतीने असे दाखवले जात की चित्र हलल्याचा भास व्हावा. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं ७ जुलै १८९६ ला आली आणि दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. म्हणजे पडद्यासमोर अंधारात बसून गोष्ट पाहायची सवय आपल्याकडे सिनेमाच्या आधीपासूनची आहे.

ही परंपरा माझ्या गावची म्हणून पुढची बरीच उदाहरणं कल्याणची येतील. पण वाई, पंढरपूर, मालवण, अचलपूर, कुठल्याही गावात जुन्या वाड्याच्या माळ्यावर, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत किंवा शाळेच्या कपाटात अशा काचा आणि स्लाइड्स पडून असतात. त्यांचं काय करायचं, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी इथे क्रमाने लिहितो आहे. माझा आग्रह एकच आहे. काच जपाच, पण त्या काचेबद्दल सांगू शकणारी माणसं आधी गाठा. काच कपाटात अजून पन्नास वर्षं राहील. आजी तेवढी वर्षं थांबणार नाहीत.

पायरी १: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

जुन्या काचा एका ट्रंकेत मिळाल्या की सगळ्यांना सरसकट स्लाइड म्हटलं जातं. तसं नसतं. काच खिडकीच्या उजेडात धरून बघा. आकाश काळं आणि माणसांचे केस पांढरे दिसले, तर ती निगेटिव्ह आहे. ती पडद्यावर दाखवण्यासाठी बनलेलीच नव्हती, तिच्यावरून कागदावर फोटो छापायचे. स्टुडिओतून मिळणाऱ्या बहुतेक काचा अशाच असतात. त्याही तितक्याच मोलाच्या आहेत, फक्त त्यांची डिजिटल प्रत काढून तिच्यातलं काळं-पांढरं उलटवावं लागतं.

आकाश उजळ आणि केस काळे दिसले, काचेवर दुसरी काच बसवून चारी कडांना काळी कागदी पट्टी चिकटवलेली असली, तर ती दाखवण्याची स्लाइड. ब्रिटिश पद्धतीची स्लाइड चौरस असते, प्रत्येक बाजू सव्वातीन इंच, म्हणजे सुमारे ८३ मिलिमीटर. अमेरिकन पद्धतीची सव्वातीन बाय चार इंच. आपल्याकडे चौरसच जास्त सापडतात. रंग दिसला, तर भिंग लावून पाहा. ब्रशचे फटकारे दिसले तर ती हाताने रंगवलेली आहे, आणि मग तिच्या बाबतीत सगळी काळजी दुप्पट.

तिसरा प्रकार म्हणजे पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या दोन इंची चौकटीतली फिल्म. ३५ मिलिमीटरची रंगीत कोडाक्रोम १९३६ मध्ये आली. आपल्याकडे मात्र घराघरांतल्या स्लाइड्स बहुधा साठच्या दशकानंतरच्या असतात, आणि त्यांत पूर्व जर्मनीची ओर्वो फिल्मही भरपूर दिसते. चौकटीवर फिल्मचं नाव आणि कधीकधी धुलाईचा महिना-वर्ष छापलेलं असतं. ते आधी टिपून घ्या.

आणखी एक प्रकार आहे, ज्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात: थिएटरमधल्या जाहिरातींच्या काचा. मध्यंतरात दाखवायच्या गावातल्या साडीच्या दुकानाच्या, सोनाराच्या, क्लासच्या, दंतमंजनाच्या. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, ‘धूम्रपान करू नये’, झालंच तर पुढच्या शुक्रवारचा खेळ. एकपडदा थिएटर पाडलं जातं तेव्हा या काचा भंगारात जातात. गावातली बाजारपेठ कशी होती, कोणाचं दुकान कुठे होतं, फोन नंबर किती आकडी होता, हे त्या काचांवर जितकं स्पष्ट लिहिलेलं असतं तितकं नगरपालिकेच्या दप्तरातही सापडणं कठीण. तुमच्या गावातलं थिएटर बंद झालं असेल किंवा व्हायच्या बेतात असेल, तर तिथल्या जुन्या ऑपरेटरना आजच भेटा.

पायरी २: हात लावण्याआधी

काच नेहमी कडांवर धरायची, दोन्ही हातांनी, टेबलावर मऊ कापड अंथरून, टेबलाच्या कडेपासून आत. हातमोजे घातले तर उत्तम. सुती मोजे काचेवरून घसरतात, म्हणून नायट्रिलचे, म्हणजे पातळ कृत्रिम रबराचे, बरे.

पुसायचं कमी. चित्राचा थर जिलेटिनचा असतो आणि पाणी लागलं की तो फुगतो, सुटतो. धूळ असेल तर रबरी फुंकणीने उडवा किंवा अगदी मऊ ब्रशने झटका. दोन काचांची स्लाइड असेल आणि पट्टी शाबूत असेल, तरच बाहेरची काच किंचित ओलसर, दोरे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. पाणी कापडावर घ्यायचं, काचेवर शिंपडायचं नाही. रंगवलेली काच उघडी असेल, तर रंगाच्या बाजूला कशानेही स्पर्श करू नका. कोलीन, स्पिरिट, तोंडाची वाफ, काहीच नाही.

कडेची पट्टी निघाली असेल तर सेलोटेप लावायचा मोह टाळा. त्याचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडतो आणि आत झिरपतो. तात्पुरतं कागदात नीट गुंडाळून, वर ‘पट्टी सुटली’ असं लिहून बाजूला ठेवा. फुटलेली काच टाकून देऊ नका. तिचे तुकडे साध्या काचेवर जुळवून ठेवून फोटो काढता येतो.

साठवताना काचा एकावर एक आडव्या रचू नका, खालची तडकते. उभ्या ठेवा, प्रत्येकीला वेगळं आम्लरहित कागदाचं पाकीट करा, आणि लेखन पाकिटावर पेन्सिलीने, काच आत घालण्याआधी. आपला खरा शत्रू दमट हवा. कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्याच्या बाजूला जून ते सप्टेंबर बुरशी किती झपाट्याने चढते ते सांगायला नको. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवता आली तर छान. तेवढं नसेल जमत, तर निदान बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट आणि लोखंडी ट्रंक टाळा.

पायरी ३: आधी प्रत, मग प्रयोग

मूळ काच पडद्यावर दाखवण्यापूर्वी तिची चांगली डिजिटल प्रत झालीच पाहिजे. महागडा स्कॅनर नसला तरी चालतं. चित्रकलेसाठी मिळणारा एलईडीचा सपाट ट्रेसिंग पॅड घ्या, त्यावर काच ठेवा, काचेभोवतीचा उजेड काळ्या कार्डशीटने झाका, आणि कॅमेरा स्टँडवर बरोबर वरून, काचेला समांतर लावा. खोलीत अंधार करा, नाहीतर काचेत तुमचाच चेहरा उमटेल. कॅमेऱ्यात रॉ पद्धतीने, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न केलेल्या मूळ स्वरूपात, काढा. मोबाइलवर काढत असाल तर झूम न करता आणि टायमर लावून. पारदर्शक फिल्मसाठी सोय असलेला फ्लॅटबेड स्कॅनर हाताशी असेल, तर मोठ्या काचेला १२०० ते २४०० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे ठिपके) पुरे होतात, ३५ मिलिमीटरच्या स्लाइडला २४०० च्या वर जा.

प्रत्येक काचेचे दोन फोटो हवेत. एक मागून उजेड देऊन, चित्राचा. दुसरा वरून उजेड देऊन, काचेच्या कडेचा, कारण तिथेच क्रमांक, विक्रेत्याचं लेबल, एखाद्याने शाईने लिहिलेलं ‘घाट’ किंवा ‘दादा, १९३४’ असं काहीतरी असतं. अनेकदा त्या काचेची अख्खी ओळख तेवढ्याच अक्षरांत असते.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे डावं-उजवं उलटणं. दुकानाच्या पाट्या वाचता आल्या तर प्रश्नच मिटतो. पाटी नसेल तर मनगटावरचं घड्याळ, सदऱ्याची बटणं, नदीचा किंवा खाडीचा प्रवाह कुठल्या हाताला आहे ते पाहा. पदरावर मात्र विसंबू नका. आपल्या बाजूचा पदर डाव्या खांद्यावर, पण गुजराती पद्धतीचा उजव्या खांद्यावरून पुढे येतो, आणि कल्याणसारख्या व्यापारी गावात दोन्ही सापडतात.

फाइलला साधं नाव द्या: गाव, कोणाच्या संग्रहातली, क्रमांक. तोच क्रमांक पाकिटावर. आणि फाइल तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या घरात.

पायरी ४: साल ठरवणं

यात वेळ घालवायला मला सगळ्यात आवडतं, आणि नवख्या माणसालाही ते पहिल्याच दिवशी जमू शकतं. फोटोचं एकच नेमकं साल शोधत बसू नका. दोन टोकं शोधा: याच्या आधीचा असूच शकत नाही, आणि याच्या नंतरचा असूच शकत नाही. दोन टोकं जितकी जवळ येतील तितकं चांगलं.

पाट्या वाचा. भाव आण्यांत असेल तर फोटो बहुधा दशमान नाणी येण्याआधीचा. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, आणि १ जून १९६४ पासून त्यातलं ‘नये’ गेलं. सरकारी पाटीवर ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीची पाटी. दुकानाच्या पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण ती पद्धत त्या दिवशी सुरू झाली. कल्याण पश्चिमेचा ४२१३०१ पाटीवर दिसला की आधीचं टोक लगेच मिळतं. एसटीची गाडी दिसली तर १ जून १९४८ नंतरचं, कारण पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी त्या दिवशी धावली. बीएमने सुरू होणारी नंबरप्लेट महाराष्ट्र राज्य होण्याआधीच्या काळातली, कल्याणच्या गाड्यांचा एमएच ०५ दिसला तर १९८९ किंवा त्यानंतरचा. पालिकेच्या फलकावर ‘नगरपालिका’ आहे की ‘महानगरपालिका’ तेही पाहा. कल्याणची महानगरपालिका १९८३ मध्ये झाली. स्टेशनचा फोटो असेल तर वर तारा आहेत का बघा. रेल्वे कल्याणात १८५४ मध्ये आली, पण मुंबई-पुणे मार्गावर पुण्यापर्यंत विजेची गाडी धावू लागली १९२९ मध्ये. तारा-खांब नसलेला रुळांचा फोटो त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी.

समजा, एका स्लाइडमध्ये टिळक चौकातलं एक हॉटेल आहे. फळ्यावर ‘चहा १० नये पैसे’, मागच्या भिंतीवरच्या सरकारी पत्र्यावर ‘मुंबई राज्य’. नये पैसे म्हणजे एप्रिल १९५७ नंतर. मुंबई राज्य म्हणजे मे १९६० च्या आधी. दोन पाट्यांवरून साधारण तीन वर्षांच्या पट्ट्यात आलो. पण घाई करू नका. सरकारी पत्रा कोणी लगेच काढत नाही, तो पुढेही काही वर्षं तसाच गंजत राहतो. म्हणून ‘१९५७ ते १९६०, कदाचित थोडं पुढे’ असंच लिहा. सिनेमाच्या पोस्टरचंही तेच. चित्रपट मुंबईत लागला ते साल म्हणजे फक्त आधीचं टोक. लहान गावात तो किती तरी उशिरा पोचत असे आणि पोस्टर तर त्याच्याही नंतर भिंतीवर राहायचं.

इमारतींसाठी जुनी गॅझेटियर्स, म्हणजे जिल्ह्यांची सरकारी माहितीपुस्तकं, पाहा. ठाणे जिल्ह्याचं ब्रिटिशकालीन गॅझेटियर, मुंबई गॅझेटियरचा तेरावा खंड, १८८२ चा आहे आणि त्यात कल्याणचे तलाव, देवळं, मशिदी, बाजार यांची वर्णनं आहेत. तुमच्याही जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर असण्याची शक्यता मोठी. गावच्या सार्वजनिक वाचनालयातल्या जुन्या स्मरणिका, शाळांचे शतकमहोत्सवी अंक, नाट्यसंमेलनांची पुस्तकं, यांतले लहान लहान फोटोही तुलनेला फार उपयोगी पडतात.

पायरी ५: माणसं गाठा

इथे कंजुषी नको. आधीच्या सगळ्या पायऱ्यांना मिळून जेवढा वेळ दिला तेवढा या एकीला द्या.

एका वेळी एकाच घरी जा, सोबत दहा-बारा चित्रंच घेऊन. टॅब्लेटवर मोठी करून दाखवता येतात म्हणून ते सोयीचं, पण पोस्टकार्डाएवढे छापलेले फोटो हातात दिले की वयस्क माणसं जास्त मोकळी बोलतात. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, आणि सुरू आहे हे दिसेल असं समोर ठेवा.

‘हे कोण?’, ‘हे साल कुठलं?’ या प्रश्नांनी माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो आणि ‘आठवत नाही बाई’ म्हणून गप्प बसतो. त्यापेक्षा असं विचारा: ‘आजी, या फोटोत तुम्ही कुठे उभ्या असत्या? मागे वळून पाहिलं असतं तर काय दिसलं असतं?’ मग पारनाक्यावरून तलावाकडे जाताना उजव्या हाताला कोणाची पिठाची गिरणी होती, पाणी भरायला कुठल्या विहिरीवर जायचं आणि कुठल्या विहिरीवर कोणाला जाऊ देत नसत, रेशनच्या रांगेत पहाटे किती वाजता उभं राहायचं, हे सगळं आपोआप येतं. शेवटच्या दोन गोष्टी कोणत्याच गॅझेटियरमध्ये सापडणार नाहीत.

बायकांशी वेगळं बोला. घरातल्या पुरुषमाणसांसमोर काका बोलतात आणि काकू चहा करायला आत जातात. फोटोच्या मध्यभागी असलेल्या पुढाऱ्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं. कडेला टोपली घेऊन उभी असलेली बाई कोण, ते काकूंनाच माहीत असतं. तसंच, एकाच वस्तीतल्या लोकांना भेटून थांबू नका. कल्याणचा इतिहास एकट्या वाड्यांचा नाही. तो खाडीवरच्या कोळ्यांचा आहे, आगऱ्यांचा आहे, रेल्वेच्या चाळींचा आहे, बाजारातल्या मुसलमान आणि गुजराती व्यापाऱ्यांचा आहे, फाळणीनंतर लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांचा आहे, ज्या छावणीचं पुढे उल्हासनगर झालं.

दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर न्यायाधीश होऊ नका. दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासह, नाव द्यायला त्यांची हरकत नसेल तर. आणि चित्र वापरायची परवानगी त्याच भेटीत लेखी घ्या. एक साधा कागद पुरतो: कोणाच्या संग्रहातलं आहे, कुठे दाखवणार, ऑनलाइन टाकणार की नाही. मूळ काच मागू नका. प्रत काढून काच परत पोचती केली की पुढच्या दहा घरांची दारं आपोआप उघडतात.

पायरी ६: यंत्र

जुना कंदील मिळाला तर त्यात रॉकेल किंवा गॅसचा दिवा पेटवायचा विचारही मनात आणू नका. चुन्याचा खडा ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत तापवून मिळणारा लाइमलाइट हा एकेकाळी थिएटरांना आगी लावणारा प्रकार होता. जुन्या कंदिलांच्या आत उष्णतेसाठी अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असू शकतात. तो राखाडी, तंतुमय पत्रा खरवडू किंवा घासू नका, आहे तसा झाकून ठेवा. कापडी आवरणाच्या जुन्या वायरी जाणत्या वायरमनकडून बदलून, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग करून घ्या. परदेशातून आलेला प्रोजेक्टर ११० व्होल्टवर चालणारा असू शकतो, मागची पट्टी वाचल्याशिवाय भिंतीत घालू नका.

खरा कंदील दाखवायचाच असेल तर आत एलईडी बसवा. उष्णता कमी, काच सुरक्षित. आणि मूळ काचेऐवजी नक्कल दाखवा. डिजिटल प्रत पारदर्शक फिल्मवर छापून काचवाल्याकडून ८३ मिलिमीटरचे दोन चौकोन कापून घेऊन त्यांच्यामध्ये बसवायची, कडांना काळी कागदी पट्टी. एका संध्याकाळी दहा-पंधरा सहज होतात आणि शाळेतली मुलं ती फार मन लावून करतात. पडद्यावर ते चित्र उमटतं तेव्हा भिंतीवरच्या डिजिटल प्रोजेक्टरपेक्षा वेगळीच मऊ झाक येते.

स्लाइड आत घालताना ती उलटी जाते, डोकं खाली. जुन्या काचेच्या कोपऱ्यात ठिपका असतो तो यासाठीच. काच नजरेला सरळ दिसेल अशी धरली की ठिपका बहुधा डावीकडे खाली येतो. ती तशीच फिरवून उलटी केली की ठिपका उजवीकडे वर, अंगठ्याखाली. काही ब्रिटिश काचांवर वरच्या कडेला दोन ठिपके असतात. आधी घरी एकेक घालून पाहा.

पडद्याचा हिशेब सोपा आहे. स्लाइडच्या चित्राची रुंदी गुणिले पडद्यापर्यंतचं अंतर, भागिले लेन्सचं फोकल अंतर. ३५ मिलिमीटरच्या स्लाइडचं चित्र ३६ मिलिमीटर रुंद, लेन्स ८५ मिलिमीटरची, अंतर ५ मीटर, तर चित्र दोन मीटरांहून थोडं जास्त रुंद. मोठ्या काचेचा दिसणारा भाग साधारण ७५ मिलिमीटर, लेन्स ३०० मिलिमीटरची, अंतर ६ मीटर, तर दीड मीटर. ताणून बांधलेलं स्वच्छ पांढरं मांजरपाट पडद्याला पुरतं, सुरकुती तेवढी नको.

मूळ रंगीत स्लाइड दाखवणार असाल तर एका मिनिटाच्या वर एकही नको. कोडाक्रोम अंधारात उत्तम टिकते, पण प्रोजेक्टरच्या उजेडात तिचे रंग लवकर उडतात. खेळ संपल्यावर बल्ब बंद करून पंखा चालू ठेवा, गार झाल्याशिवाय यंत्र हलवायचं नाही.

पायरी ७: खेळ

तीस-पस्तीस चित्रं, तास-सव्वा तास, त्याहून जास्त नाही. मंगल कार्यालयापेक्षा शाळेचा किंवा वाचनालयाचा हॉल बरा, कारण तिथे वयस्क माणसांना जिने कमी आणि मुलं आपोआप येतात. दिवाळीनंतरचे महिने घ्या. अंधार लवकर पडतो, हवा कोरडी असते.

सांगणारा आणि यंत्र चालवणारा अशी दोन माणसं वेगवेगळी हवीत. पुढचं चित्र कधी, याची खूण आधी ठरवा, म्हणजे ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ म्हणावं लागत नाही. क्रम सालाप्रमाणे लावू नका, वाटेप्रमाणे लावा: स्टेशनवरून उतरलो, बाजारपेठेतून चाललो, तलावाला वळसा, मग दुर्गाडी किल्ला आणि खाडी. पाहणारा मनात चालत राहतो आणि त्यामुळेच त्याला आठवतं.

पहिल्या दोन रांगा ज्येष्ठांसाठी. एक हाती माइक त्यांच्यात फिरता ठेवा आणि बोलू द्या, निवेदन अडलं तरी चालेल. कोणी ‘थांबा, मागचं परत लावा’ म्हणालं तर परत लावा. प्रत्येक खुर्चीवर एक कागद ठेवा, चित्रांचे क्रमांक छापलेला, शेजारी लिहायला जागा. अंधारात लिहिता येत नाही, म्हणून दर दहा चित्रांनी दोन मिनिटं दिवे लावा. संपूर्ण कार्यक्रमाचा आवाज रेकॉर्ड करा आणि रेकॉर्डरला ऐकू जाईल असा चित्राचा क्रमांक मोठ्याने म्हणा, नाहीतर नंतर कोण कशाबद्दल बोलत होतं ते कळत नाही.

कागद त्याच रात्री गोळा करा, आठवड्याच्या आत नोंदी चित्रांना जोडा आणि ज्यांनी नवी माहिती दिली त्यांना फोन करून घरी कधी येऊ ते विचारा. प्रतींचा एक संच वाचनालयाला द्या, एक शाळेला, आणि ज्यांच्या घरातून काचा आल्या त्या प्रत्येक घराला त्यांच्या चित्रांचा छापील संच, लोकांनी सांगितलेल्या नोंदींसह.